बारावा तुकडा

साकाइच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
आमचं औषधांचं दुकान.
मागच्या खोलीत नुई आत्या बसायची,
दाराकडे पाठ, सुई डाव्या हातात.
तिच्या नावाचा अर्थच शिवण.

साठ कागदी फुलं एका दोऱ्यात ओवून
ती त्यांचा गोळा आवळायची,
मिटण्याआधी आत लवंग, कापूर, वाळलेला दवणा
आणि दातानं दोरा तटकन तोडायची.
पूर्वी राजवाड्यात टांगायचे, म्हणायची,
रोगराई उंबऱ्यावरूनच परत फिरायची.
पूर्वी म्हणजे कधी, विचारलं
की सुईत दोरा ओवायला घ्यायची.

बहात्तर साली मी नकाशांच्या ऑफिसात लागले.
तिथल्या होरिउचीनं जेवणाच्या सुट्टीत
बाद झालेल्या नकाशाचा चौकोन कापून
एक घडी शिकवली:
दोन खिसे, दोन जिभा.
याची जीभ त्याच्या खिशात, त्याची तिसऱ्याच्या.
तिघांचा इवलासा डोंगर,
सहांचा ठोकळा,
बारांची टोकदार चांदणी,
आणि तीस असतील तर गोळा,
ज्याला डिंक नाही, दोरा नाही.

आत्यानं तो फिरवून फिरवून पाहिला.
टाका कुठाय?
नाहीये.
मग धरलंय कुणी?
सगळ्यांनी सगळ्यांना.
ती उठली, जिना चढली,
आणि वरून गोळा सरळ सोडून दिला.
तिसऱ्या पायरीवर उसळला, सातव्यावर,
खाली फरशीवर एक तुकडा निखळला.
एकोणतीस जागचे हलले नाहीत.

त्या रात्री तिनं औषधांच्या कपाटातून
एक छापील पान काढलं, घड्यांवर फाटत आलेलं.
दारांवरच्या कोरीव जाळीचे नमुने,
अडीचशे वर्षांपूर्वी लाकडी ठशानं छापलेले;
त्यात मधेच एक कागदी डबी, झाकण अर्धं उघडं.
सहा कागद आहेत, बघ.
आजोबांना नाही जमली, मला नाही जमली.
लबाडानं डबी काढली,
घडी नाही काढली.

मग ती शिकायला बसली. माझ्याकडून. समोरासमोर.
मी हा कोपरा दुमडला की ती तो दुमडायची,
आरशात बसल्यासारखी.
तुकडे झाले नेटके, माझ्याहून धारदार,
पण माझ्या एकाही खिशात तिची जीभ जाईना.
आम्ही दाबलं, वळवलं, फुंकर मारली,
एक कोपरा चुरगळला तेव्हा कळलं:
तिचे सगळे डावे, माझे सगळे उजवे.
या घरानं कधी डावं-उजवं केलं नाही,
ती हसून म्हणाली, कागदानं केलं.

त्यानंतर दोन डबे.
माझे बिस्किटांच्या, तिचे जिनसेंगच्या.

ती फेब्रुवारीत गेली, दुकान उघडण्याआधी.
जिनसेंगच्या डब्यात तुकडे निघाले अकरा,
पुड्या बांधायच्या कागदाचे,
एकावर आमचा शिक्का अर्धा, घडीत मुडपलेला.
अकरांचं काही होत नाही.

मी बारावा करायला घेतला.
हाताला सवय, तो उजवाच झाला.
दुसराही. तिसरा तर
अर्ध्यात बरोबर होता आणि शेवटी फिरला.
मग तिच्या उशीवर बसले, दाराकडे पाठ करून,
आणि समोर मीच बसलेय असं धरलं,
तिशीतली, घाईची, नखानं घडी ओढणारी.
ती हा कोपरा दुमडते,
मी तो.

अकरांचा पिंजरा जुळवून झाला
तेव्हा एक फट उरली, बोटभर.
तिथून दोन लवंगा टाकल्या.
शेवटची जीभ खिशात शिरताना
कागद जरासा कुरकुरला, मग गप्प.

आत्या असती तर उठून जिना चढली असती.

मी चढले.